१४ किलो गेले, १६ परत आले

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: ‘वजन वाढलं म्हणून पेशंटला रागावणं मी आता सोडून दिलं आहे.’ लेख गुडघ्यांवर होता, पण पत्रं आली ती या एका वाक्यावर. वहीच्या पानांवर लिहिलेली, मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली, एक तर चक्क पोस्टकार्डावर. म्हणून या वेळचं सदर सगळं वजनालाच दिलं आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर ताई, मी शिक्षिका आहे, वय ४३. अडीच वर्षांपूर्वी माझं वजन ८२ किलो होतं. आहारतज्ज्ञांकडे जाऊन, भात-साखर बंद करून, रोज पहाटे चालून आठ महिन्यांत ६८ वर आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर हळूहळू चढत ते आता ८४ झालंय. पूर्वीइतकं मी खात नाही, तरीही. घरात म्हणतात, ‘तुझ्यात जिद्दच नाही.’ आता मलाही तसंच वाटू लागलंय. खरंच तसं आहे का? (इचलकरंजी)

उत्तर : नाही. आधी एवढं एकच वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. आठ महिने पहाटे उठून चालणाऱ्या, वर शाळा आणि घर दोन्ही ओढणाऱ्या बाईत जिद्द नाही, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपण चरबीकडे नको असलेलं ओझं म्हणून बघतो. शरीराच्या लेखी ती घरातली शिल्लक आहे. आज मिळालं ते उद्या मिळेलच याची खात्री माणसाला लाखो वर्षं नव्हती. ज्यांच्या शरीराने ही शिल्लक जपली ते आजारपणात, बाळंतपणात, हात रिकामे राहिलेल्या दिवसांत तगले, आणि आपण त्यांची लेकरं. शिल्लक किती उरली याची बातमी मेंदूला देणारं एक संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात. त्याचं नाव लेप्टिन. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला त्याचं जनुक सापडलं. चरबी घटली की रक्तातलं लेप्टिन घटतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला एकच गोष्ट कळते: दुष्काळ पडला. तुम्ही आपणहून डाएट करताय, फडताळात धान्य आहे, हे त्याला कळायची सोय नाही.

मग ते आपलं काम करतं. भूक वाढवतं आणि खर्च आवरतं घेतं.

हे किती टोकाला जातं ते पाहायचं तर १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेला प्रयोग बघा. युद्धावर जायला तत्त्वाने नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वखुशीने आले होते. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं हे प्रयोग करणारे शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांना शोधायचं होतं. त्यांनी या तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. हा आकडा तुमच्या आहारतक्त्याशी ताडून बघा; हल्लीच्या कितीतरी ‘डाएट’मध्ये याहून कमी असतो. त्यांचं वजन सरासरी पाव हिश्शाने उतरलं. स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. ही तरणीताठी मुलं थंडी वाजते म्हणू लागली, ताटल्या चाटू लागली. ज्यांनी आयुष्यात कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसू लागले. डोक्यात दुसरा विषय उरला नाही. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी भूक जाईना असं त्यांतल्या अनेकांचं झालं, आणि चरबी परतली ती आधीपेक्षा जास्त. तुमच्या वजनकाट्यावरचा ८४ हा आकडा त्याच जातीचा आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांचा केव्हिन हॉल यांनी सहा वर्षं मागोवा घेतला. ३० आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांनी त्यांतले ४१ परत आले होते. आणि वजन परत आलं तरी शरीराचा खर्च काही परत चढला नव्हता; त्या वजनाच्या माणसाचा जेवढा असायला हवा त्यापेक्षा तो रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला. हॉल यांच्याच दुसऱ्या हिशेबानुसार घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी उतरतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी चढते. म्हणजे तुमची खरी झुंज होती भुकेशी, आणि ती तुम्ही दिवसरात्र एकटीने दिलीत.

तुम्ही काही आळशीपणा केला नाही. आता काय करायचं ते सांगते. पुन्हा ६८ चं स्वप्न बघू नका. ८४ चे ७९ करा आणि वर्षभर तिथेच थांबा. वजन ५-६ टक्क्यांनी उतरलं तरी साखर, रक्तदाब, गुडघे यांना फरक पडतो, आणि एवढ्या उताराला शरीर तितकं बिथरत नाही. भात बंद करू नका. भाताच्या आधी वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा अंडं खा. चालण्यासोबत आठवड्यातून तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, इथून सुरुवात करा. थायरॉइड एकदा तपासून घ्या. आणि झोप. वह्या तपासत रात्री बारा वाजत असतील तर आहाराआधी मी ते बदलायला सांगेन, कारण सलग दोन रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांमध्येही भुकेचं संप्रेरक चढलेलं आणि लेप्टिन उतरलेलं दिसलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघी जावा एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवतो. माझ्यापेक्षा ती दोन भाकरी जास्तच खाते. ती काडीसारखी आणि मी अशी. लोक समजतात मी चोरून खाते. (मंगळवेढा)

उत्तर : ताई, तुम्ही चोरून खात नाही यावर माझा विश्वास आहे. एक चूल, एक सासर, पण माहेरं दोन. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या माहेरांत आहे.

कॅनडात क्वेबेकला लाव्हाल विद्यापीठात क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. १०० दिवसांतले ८४ दिवस प्रत्येकाला त्याच्या गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना ज्यादा अन्न सारखंच, सगळे नजरेखाली. तरी कुणाचं वजन ४ किलोंनी वाढलं, कुणाचं १३ किलोंनी. पण एका जोडीतल्या दोघा भावांचं मात्र जवळपास सारखं वाढलं, आणि पोटावर वाढलं असेल तर दोघांच्याही पोटावर. १९९० मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याआधी १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांचा अभ्यास झाला होता. मोठेपणी त्यांचं अंगमान जन्मदात्या आईबापांसारखं निघालं. ज्यांनी वाढवलं, ज्यांच्या ताटात ती जेवली, त्यांच्यासारखं नाही.

याला कारणीभूत जनुकं शेकड्यांनी आहेत, एक-दोन नाहीत, आणि त्यांतली बहुतेक मेंदूत काम करतात. कुणाला दोन घासांत पोट भरल्याचा निरोप येतो, कुणाला उशिरा येतो. कुणाचं शरीर जास्तीचं खाल्लं की नकळत चुळबुळ वाढवून, उठबस वाढवून ते जाळतं. तुमची जाऊ जेवल्यावर बसते की कामाला लागते, एवढं फक्त बघा. तिला दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे, वजन ७ किलो १०० ग्रॅम. जन्माचं २ किलो ६०० होतं. सासूबाई म्हणतात बाळसं नाही, शेजारच्या बाळासारखी गुटगुटीत झाली पाहिजे. दुधात बिस्किटं कुस्करून देऊ का? (भुसावळ)

उत्तर : बिस्किटं नकोत, साखरही नको. अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावर ताईंना खूण करायला सांगा, मुलगी हिरव्या पट्ट्यात असेल.

सासूबाईंचा शब्द मात्र मला आवडला. बाळसं ही माणसाच्या पिल्लाची खास गोष्ट आहे. जन्मतः आपल्या बाळाच्या अंगात सुमारे १५ टक्के चरबी असते. माकडांची, वानरांची पिल्लं जन्मतात ती हाडकुळी. आपल्या बाळाला ही शिदोरी लागते ती त्याच्या मेंदूसाठी. मोठ्या माणसाचा मेंदू स्वस्थ शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा घेतो, तान्ह्या बाळाचा निम्म्याहून जास्त. दूध कमी पडलं, जुलाब लागले, दात येताना जेवण सुटलं, तरी मेंदूचा पुरवठा तुटू नये म्हणून ही तरतूद. सहा ते नऊ महिन्यांत ती सगळ्यात जास्त असते. मग बाळ रांगू लागतं, चालू लागतं आणि बाळसं आपोआप उतरतं. तेव्हा ‘पोर वाळलं’ म्हणून घाबरू नका, हेही आत्ताच सांगून ठेवते. नाचणीची पेज, घट्ट वरण-भात, तूप, अंडं आणि तुमचं दूध एवढं पुरे.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो, वय ३१. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. मित्र मला ‘काडी’ म्हणतात. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर ११२ आली, डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात म्हणून सांगितलं. लठ्ठ माणसांना होणारा आजार मला कसा? (पुणे)

उत्तर : या प्रश्नावर जगात सगळ्यात मोलाचं काम जिथे झालं ते ठिकाण तुमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हयात याच कोड्यात घातली आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचा एक फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी, अंगात शर्ट. वजन आणि उंचीवरून निघणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच तोलत होता आणि आतला मामला वेगळा होता. तुमचा इंडेक्स २२ च्या आसपास निघतो. आता शर्ट वर करून पोटाकडे बघा.

याचं मूळ जन्माच्याही आधी आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक यांच्या चमूने गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची जन्मली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. मग त्यांनी फूटपट्टी, टेप आणि कातडीची चिमट जाडी मोजायचं यंत्र घेऊन बाळांना इंचाइंचाने मोजलं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. हाडकुळी आणि तरी आतून चरबीदार, अशी आपली बाळं. पोटात असताना पुरवठा तुटपुंजा होता तेव्हा शरीराने मेंदू आणि चरबी राखली आणि स्नायूंवर काटकसर केली.

पुढे हेच बाळ मोठं होऊन दिवसभर खुर्चीवर बसतं आणि रात्री अकराला जेवण मागवतं. साखर जिरवायचं मोठं काम स्नायू करतात, ते थोडे. कातडीखाली चरबी साठवायची जागाही बेताची. कणगी लहान असली की धान्य ओसरीवर, माजघरात जिथे जागा मिळेल तिथे पोत्यांत रचावं लागतं, तसं होतं. चरबी यकृतात, आतड्यांभोवती जाऊन बसते आणि इन्सुलिनचं काम अडवते. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची रेघ अलीकडे ओढली आहे. युरोपात इंडेक्स २५ च्या पुढे गेला की वजन जास्त म्हणतात, आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायचं. आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर यांच्या आत हवी.

घरी टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, तो मधोमध दुमडा आणि बेंबीच्या रेषेत कंबरेभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत तर पोट जास्त आहे.

तुम्हाला मी वजन कमी करा म्हणणार नाही. स्नायू वाढवा. जिमला जाण्याची गरज नाही, आजोबांच्या पिढीने तालमीत मारल्या त्या बैठका आणि जोर पुरेसे आहेत; आठवड्यातून तीन-चार दिवस, दम लागेपर्यंत. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा, कारण त्या सहा खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांमध्ये ते कमी निघालं होतं आणि त्याचा धागा पुढे मुलांच्या साखरेपर्यंत पोचतो असं याज्ञिक यांच्या चमूला दिसलं. आणि लग्न झालं असेल, मूल हवं असेल, तर पत्नीचंही बी-१२ आणि हिमोग्लोबिन आत्ताच बघून घ्या. तुमच्या मुलाच्या साखरेची काळजी तिथून सुरू होते.

प्रश्न : मी बी. एस्सी.ला आहे. इंटरनेटवर वाचलं की पूर्वजांनी दुष्काळ सोसले म्हणून आपल्यात चरबी साठवणारी जनुकं आली. आम्ही बीडचे, दुष्काळ आमच्या पाचवीला पुजलेला. मग आमच्याकडे सगळे लठ्ठ का नाहीत? (बीड)

उत्तर : प्रश्न फार चांगला विचारलास. ज्यांनी हा विषय पुस्तकं लिहून गाजवला त्यांतल्या अनेकांना तो सुचला नाही.

काटकसरी जनुकांची कल्पना १९६२ मध्ये जेम्स नील यांनी मांडली. ती ऐकताच पटते, आणि म्हणूनच इतकी पसरली. पण जॉन स्पीकमन या जीवशास्त्रज्ञाने नेमका तुझाच प्रश्न विचारला. दुष्काळाने लठ्ठपणाची जनुकं एवढ्या जोराने निवडली असती तर हजारो वर्षांत ती सगळ्यांतच आली असती. शिवाय दुष्काळात मरतात कोण? तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जास्त, आणि बऱ्याचदा पटकी, हगवण, तापाने. बारीक तरुण मेला आणि जाड तरुण वाचला, असं फारसं घडत नाही. स्पीकमन यांचं म्हणणं वेगळं आहे. फार जाड प्राण्याला वाघ-सिंह पकडतात म्हणून वजनाला वरून लगाम असतो. सुमारे २० लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या हाती दगडी हत्यारं, विस्तव आणि टोळीचं बळ आलं, श्वापदांची भीती ओसरली आणि तो लगाम ढिला पडला. लगाम ओढणारी जनुकं कुणात बिघडली, कुणात शाबूत राहिली, नुसत्या योगायोगाने. म्हणून एकाच गावात एक जाड आणि एक बारीक. मला स्वतःला हे जास्त पटतं, पण वाद संपलेला नाही.

दुष्काळाचा दुसरा एक रस्ता मात्र आहे आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. तो जनुकांतून जात नाही, आईच्या पोटातून जातो.

मी माण तालुक्यातली. १९७२ ला सात वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, मिळायची. आई आपल्या वाट्याची पदराच्या टोकाला गाठ मारून आणायची आणि आम्हा भावंडांच्या तळहातावर सारखी वाटायची. तिची बोटं चिकट व्हायची, ती मी चाटलेली मला आठवतात. घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या, म्हणजे ज्वारीच्या जातीच्या धान्याच्या, भाकरी. आई तेव्हा गरोदर होती आणि आपण काय खाल्लं हे तिने आम्हाला कधी दिसू दिलं नाही. माझा धाकटा भाऊ १९७३ च्या मार्चमध्ये जन्मला. त्याचं वजन कुणी केलं नाही. आई म्हणायची, ‘दोन तळहातांत मावला होता.’ तो कधीच जाड नव्हता. चाळिशीच्या आत त्याला मधुमेह झाला.

एका माणसावरून शास्त्र ठरत नाही, म्हणून मोठा पुरावा देते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने नाकेबंदी केल्यामुळे पश्चिम हॉलंडमध्ये माणशी अन्न दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेलं. त्या काळात आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीला तपासलं तेव्हा गरोदरपणाच्या मधल्या आणि शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांच्या शरीराला साखर नीट पेलवत नव्हती. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरमधल्या आरोग्यसेविकांनी १९११ पासून लिहून ठेवलेल्या जन्मवजनांच्या वह्या काढल्या आणि लहान जन्मलेल्यांना उतारवयात हृदयविकार जास्त होतो हे दाखवलं. उपाशी पोटात वाढलेलं शरीर उपाशी जगाच्या तयारीने बाहेर येतं. जग भरल्या ताटाचं निघालं की गडबड होते.

आणि ताट बदललं आहे, हे तुझ्या गावच्या एसटी स्टँडवरच्या टपरीवर बघ. गेल्या ४० वर्षांत आपली जनुकं बदललेली नाहीत, तेवढा वेळच झाला नाही. वर ज्या हॉल यांचं नाव आलं, त्यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं ताजं अन्न दिलं. साखर, मीठ, तेल, तंतू दोन्ही ताटांत सारखे ठेवले आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकिटातलं अन्न असताना ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते.

प्रश्न : चाळिशीनंतर शरीराचं इंजिन मंदावतं म्हणून वजन वाढतं ना? (वय ५१, ठाणे)

उत्तर : मीही वर्षानुवर्षं पेशंटना हेच सांगत आले. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या शरीराच्या ऊर्जाखर्चाची मोजणी छापली, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत. अंगाच्या आकाराचा हिशेब वजा केला तर २० ते ६० या वयात शरीराचा खर्च जवळपास स्थिर राहतो. उतार साठीनंतर लागतो, तोही वर्षाला पाऊण टक्क्याहून कमी.

तुमच्या वयात बदलतं ते दुसरं. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. स्नायू झिजतात, झोप मोडते. म्हणून वरचा दोरा तुम्हीही वापरा, आणि जिना चढा.

प्रश्न : वजन कमी करण्याची इंजेक्शनं आली आहेत. भाऊ घ्यायचं म्हणतोय, वजन ११० किलो, मधुमेह आहे. ही फसवणूक आहे का? (सांगली)

उत्तर : फसवणूक नाही. जेवल्यावर आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं, ते मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. काही मिनिटांत ते विरून जातं. सेमाग्लुटाइडसारखी औषधं त्याचीच टिकाऊ नक्कल आहेत. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. ज्यांच्या डोक्यात दिवसभर खाण्याचा विषय घोळत असे त्यांतल्या अनेकांनी तो पहिल्यांदाच थांबल्याचं सांगितलं आहे. भुकेचा हा त्रास रासायनिक आहे याचा याहून उघड दाखला मला ठाऊक नाही.

पण औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. का, ते पहिल्या उत्तरात आहे. रक्तदाबाच्या गोळीसारखं हे दीर्घकाळ घ्यावं लागणारं औषध समजा आणि खर्चाचा हिशेब तसा करा. मळमळ, बद्धकोष्ठता होते. चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून प्रथिनं आणि बैठका सोडायच्या नाहीत. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल किंवा भावाला पूर्वी स्वादुपिंडाची सूज आली असेल तर आधी सांगा. इंटरनेटवरून किंवा ओळखीच्या जिमवाल्याकडून घेऊ नका. तुमच्या भावाला मधुमेहही आहे, तेव्हा त्याने हे डॉक्टरांशी बोलून जरूर विचारात घ्यावं, आणि लाजू नये.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मला पाळीचा त्रास आहे पण मी दवाखान्यात जात नाही, कारण तिथे सगळ्यांसमोर वजन करतात आणि मोठ्याने सांगतात. (पत्ता लिहिलेला नाही)

उत्तर : पोस्टकार्ड तुझंच होतं. बाळ, हे मी तुला मनापासून लिहिते आहे.

माझ्या फलटणच्या दवाखान्यात वजनकाटा वीस वर्षं बाहेर बाकड्यासमोर होता. कंपाउंडर आकडा मोठ्याने सांगायचे आणि मी आतून तो ऐकून लिहून घ्यायची. एका बाईंना मी त्या आकड्यावरून सगळ्यांच्या देखत बोलले, ‘तोंडाला आवर घाला.’ त्या मान खाली घालून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. दीड वर्षाने त्यांच्या बहिणीकडून कळलं की त्या दीड वर्षात त्यांची साखर ४०० वर गेली होती, पायाला जखम झाली होती आणि त्या कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी काटा उचलून आत पडद्यामागे ठेवला. तो तिथेच आहे.

तू दवाखान्यात जा. आईला किंवा मोठ्या बहिणीला बरोबर घे. काट्यावर उभं राहायची वेळ आली तर म्हण, ‘मी पाठ करून उभी राहते, आकडा मोठ्याने सांगू नका, फक्त लिहून घ्या.’ हे म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. तोंडाने बोलायला जमणार नसेल तर हा अंक उघडून ही ओळ डॉक्टरांना दाखव. वजन वाढलं म्हणून पाळी बिघडते तसंच पाळी बिघडवणाऱ्या आजारानेही वजन वाढतं, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पाळी शेवटची कधी आली, किती दिवस राहिली, चेहऱ्यावर केस किंवा मुरमं वाढलीत का, हे कागदावर लिहून ने. सोनोग्राफी पोटावरूनच करतात, दुखत नाही, फक्त आधी भरपूर पाणी पिऊन जा.